बापू उठताना गुडघ्यावर हात ठेवतो

आमच्या मुलाच्या फाइलवर बराच काळ एकच निदान होतं : डेव्हलपमेंटल डिले. वाढीचे टप्पे उशिरा. मान त्याने वेळेवर धरली होती, बसलाही जेमतेम वेळेत. पण पहिलं पाऊल टाकायला एकोणिसावा महिना उजाडला आणि तिसरं वर्ष लागलं तरी दोन शब्द जोडून बोलत नव्हता. नवीन डॉक्टर ती ओळ वाचायचे, मान डोलवायचे आणि खाली 'स्पीच थेरपी चालू ठेवा' असं लिहायचे. ओळ चुकीची नव्हतीच. फक्त हा उशीर कशामुळे, ते तिच्यात नव्हतं, आणि एकदा ओळ लिहून झाली की ते शोधायची गरज कुणाला वाटत नव्हती.

आम्ही चोपडा तालुक्यातले. मिस्टरांची केळी आणि कापूस, मी एका पतसंस्थेत कामाला. माझं माहेर अमळनेर तालुक्यात. मुलाचं नाव लिहीत नाही. घरात त्याला बापू म्हणतात, आमच्याकडे लहान पोरांना असली वडीलधारी नावं देतातच. आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. कुणी घाबरून मोबाइलवर शोधायला लागण्याआधी सांगते, हा आजार जन्मणाऱ्या साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एखाद्याला होतो. उशिरा चालणाऱ्या बहुतेक मुलांना तो नसतो. पण ज्याला असेल त्याची पहिली तपासणी काहीशे रुपयांत, कुठल्याही बऱ्यापैकी लॅबमध्ये होते. ती आमच्याकडे कशी आणि किती आडवळणाने झाली, ते लिहिते.

बोलण्यातला उशीर सगळ्यांच्या लक्षात यायचा. माझी आई अहिराणीत म्हणायची, "आंडोर शे, उशिरे बोली." मुलगा आहे, उशिरा बोलेल. सासूबाईंचंही तेच, त्यांचे एक दीर म्हणे पाचव्या वर्षी बोलले आणि पुढे ग्रामपंचायतीत निवडून आले. त्यामुळे आमचं, थेरपिस्टचं, सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे. जळगावला थेरपी चालू होती. चित्रांची कार्डं, फुगे, शिट्ट्या. पाय कुणाच्या हिशेबातच नव्हते, कारण दिसायला ते मजबूत. पोटऱ्या तर अशा भरलेल्या की पारावरची माणसं म्हणायची, हा कुस्त्या मारणार. त्या पोटऱ्यांत स्नायू झिजून त्यांची जागा चरबी आणि तंतू घेत असतात, म्हणून त्या फुगीर आणि दाबल्यावर टणक लागतात, हे मला पुढे कळलं. पारावर तर ते कळायचं कारणच नाही.

खरं म्हणजे नेमकी गोष्ट सगळ्यात आधी पाहिली ती अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी. मुलं सतरंजीवर मांडी घालून खिचडी खातात. खाऊन झालं की बाकीची पोरं ताटली हातात घेऊन झटक्यात उठतात आणि नळाकडे धावतात. बापू आधी पालथा व्हायचा, हातापायांवर यायचा, ढुंगण वर करायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असे स्वतःच्याच अंगावर हात चढवत चढवत सरळ उभा राहायचा. ताटली खालीच राहायची. ताई ती उचलून द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "बापू आमच्या सासऱ्यांसारखा उठतो बघा." आम्ही हसायचो. नाव बापू, उठणंही बापूसारखंच. कुठेही तपासणी असली की पोरांना रांगेत उभं करतात किंवा आईच्या मांडीवर बसवतात, आणि उभ्या मुलात किंवा मांडीवरच्या मुलात हे काहीच दिसत नाही. दिसतं ते जमिनीवरून उठताना.

मधेच लिव्हरचं प्रकरण उपटलं. पावसाळ्यात बापूला ताप आला, रक्त तपासलं आणि लिव्हरसाठी बघतात ते एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही कितीतरी पटींनी वाढलेले निघाले. लिव्हरला सूज, असं सांगण्यात आलं. मग टॉनिक सुरू झालं, तेल-तूप बंद झालं. चुलत सासरे एका गावाहून काविळीची झाडपाल्याची पुडी घेऊन आले. डोळे पिवळे नव्हते, लघवी पिवळी नव्हती, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन पहिल्यापासून नॉर्मल होतं. पण रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलेले आकडे समोर असले की डोळ्यांकडे कोण बघतो? आकडे महिनोन्‌महिने खाली येईनात. सोनोग्राफी चांगली आली. शेवटी मोठ्या शहरात जाऊन लिव्हरचा तुकडा काढून तपासायची भाषा सुरू झाली, तेव्हा माझ्या पतसंस्थेतल्या एका मॅडमनी त्यांच्या नातीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे एकदा दाखवून घे म्हणून सांगितलं.

त्या डॉक्टर बाईंनी फाइल हातात घेतली, पहिली दोन पानं उलटली आणि बाजूला ठेवली. टेबलाच्या खणातून एक लाल गाडी काढली, फरशीवर ठेवली आणि बापूला म्हणाल्या, "बस रे इथे, खेळ." स्वतः खुर्ची मागे सरकवून नुसत्या बघत बसल्या. थोड्या वेळाने गाडी उचलून टेबलावर ठेवली. बापू गाडीसाठी उठला, नेहमीसारखाच. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तोच खेळ पुन्हा केला. मग खाली बसून त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि मला विचारायला लागल्या. दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारतो का? जिना कसा चढतो, पायाआड पाय टाकून की प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून? पळताना दोन्ही बाजूंना डोलतो का? टाचा टेकतात का? पडतो किती? उडीबद्दल मला आठवेना, आणि आठवेना म्हणजे त्याने कधी मारलेलीच नव्हती.

"याचं सीपीके केलंय का कधी?" त्यांनी विचारलं. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकत होते.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. एसजीओटी, एसजीपीटी ही नुसती लिव्हरची मालमत्ता नाही. ती स्नायूंतही असतात. स्नायूच्या पेशी फुटायला लागल्या की तीही रक्तात येतात आणि रिपोर्ट लिव्हर बिघडल्यासारखा दिसतो. खात्री करायला जीजीटी नावाचं आणखी एक बघतात, ते लिव्हरचं वाढतं, स्नायूचं नाही. बापूचं जीजीटी जुन्या रिपोर्टमध्येच होतं, नॉर्मल. म्हणजे उत्तराचा अर्धा भाग आमच्याच पिशवीत होता. सीपीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, हे मुख्यतः स्नायूंत असतं. मार लागला, इंजेक्शन घेतलं, खूप दगदग झाली तर थोडंफार वाढतं. या आजारात ते दहा-वीस पटींनी, कधी शंभर पटींनीही वाढलेलं असतं, आणि तेही मूल अजून चालायला लागलेलं नसतं तेव्हापासून.

संध्याकाळी लॅबमधून फोन आला. आकडा मशीनच्या मापाबाहेर जातोय, नमुना पातळ करून पुन्हा लावतो, उद्या घ्या. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर सोळा हजारांच्या वर आकडा होता. शेजारी छापलेली मर्यादा दोनशेच्या आतबाहेर. डॉक्टर बाईंनी लगेच बजावलं की सोळा हजार म्हणजे आठ हजारांपेक्षा दुप्पट वाईट असं नसतं. आकडा आजाराची दिशा सांगतो, तीव्रता सांगत नाही. पुढे स्नायू कमी होतील तसा तो उतरेल, त्याला सुधारणा समजू नका.

मग त्यांनी कागदावर वंशावळ काढायला घेतली. सासरची माणसं पटापट झाली. "आता तुमच्या आईकडची सांगा. मामा, आईचे मामा, मावशांची मुलं." मी सांगितलं, मला एक मामा होता, पोलिओ झालेला, सोळाव्या की सतराव्या वर्षी गेला. बाईंचं पेन थांबलं. "पोलिओ कोणत्या वर्षी झाला? ताप येऊन एका रात्रीत पाय गेला का?" मी बाहेर येऊन कॉरिडॉरमधून आईला फोन लावला. आईने फोन आजीकडे दिला. आजीला नीट आठवत होतं. एका रात्रीत काहीच झालं नव्हतं. शाळेत जायचा, मग पडायला लागला, मग भिंतीला धरून चालायचा, बाराव्या वर्षानंतर ओट्यावरून उतरलाच नाही. दोन्ही पाय सारखेच गेले, मग हातही. मी विचारलं, लहानपणी जमिनीवरून कसा उठायचा? आजी म्हणाली, "तो बी असाच उठे. तुना पोऱ्यानागत."

पोलिओत अशक्तपणा येतो तो काही दिवसांत, बहुतेक वेळा तापासोबत, आणि बऱ्याचदा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त जातो. वर्षानुवर्षं, दोन्ही बाजूंनी सारखा, हळूहळू वाढत जात नाही. त्या काळी गावात चालता न येणाऱ्या प्रत्येक पोराला पोलिओ म्हणत, त्यात कुणाचा दोष काढणार? आजीने मात्र त्यानंतर काही महिने पोलिओ हा शब्द तोंडातून काढला नाही.

उठण्याच्या या पद्धतीला गॉवर्सची खूण म्हणतात. लंडनच्या विल्यम गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी ती १८७९ मध्ये लिहून ठेवली आहे. बघायला मशीन लागत नाही, फरशी लागते.

पक्कं निदान जनुकांच्या तपासणीने. एमएलपीए नावाची ती टेस्ट. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, ते बाहेरगावी जातं आणि रिपोर्टची वाट बघत बसावं लागतं. डिस्ट्रॉफिन नावाचं एक प्रथिन स्नायूच्या पेशीचं आवरण टिकवून धरतं. ते बनवायची कृती डीएमडी जनुकात असते. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या जनुकांपैकी हा एक, ७९ तुकड्यांचा. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. बापूच्या रिपोर्टमध्ये ४८ ते ५० हे तीन तुकडे गायब होते. ७९ पैकी तीन गेले तर काय मोठं, असं मिस्टरांना वाटलं आणि मलाही. ते समजावलं माझ्या भावाने. तो भुसावळला रेल्वेत आहे. म्हणाला, "ताई, मधले डबे काढले आणि कपलिंग जुळलं तर गाडी आखूड होते, पण धावते. कपलिंगच जुळलं नाही तर मागचे सगळे डबे यार्डातच." डॉक्टर बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, कपलिंग जुळतं तेव्हा बहुधा बेकर नावाचा सौम्य प्रकार होतो, जुळत नाही तेव्हा ड्युशेन. एमएलपीएत काही सापडलं नाही तरी विषय संपत नाही, कारण काही मुलांत चूक इतकी बारीक असते की सगळा जनुक वाचावा लागतो.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते बोलण्याबद्दलच्या उत्तराने. मी विचारलं, पायांचा आजार कळला, पण मग न बोलण्याचं काय, तो वेगळा आजार का? नाही. डिस्ट्रॉफिन मेंदूतही असतं. या मुलांत बोलायला उशीर, शिकण्यात अडचण, लक्ष न लागणं, काहींत ऑटिझमची लक्षणं, हे बरंच दिसतं. म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही थेरपीच्या खोलीत बसायचो, ते कारणही त्याच आजाराचं होतं, फक्त तिथे बापूला खुर्चीवर बसवून बोलायला लावायचे. उशिरा बोलणारा मुलगा उशिरा चाललाही असेल तर सीपीके करून घ्या, एवढं एक वाक्य मी तेव्हापासून ओळखीच्या-अनोळखी कितीतरी बायकांना सांगितलंय. काही जणींना राग आला. येऊ दे.

घरातलं लिहू की नको, विचार केला. लिहिते. हा आजार एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो होतो मुलग्यांना आणि बहुतेक वेळा येतो आईकडून. साधारण दोन तृतीयांश आया वाहक असतात, म्हणजे चूक त्यांच्यात असते पण आजार सहसा दिसत नाही; उरलेल्यांत चूक मुलातच नव्याने झालेली असते. मी वाहक निघाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडचं आलं." स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता. मी उत्तर दिलं नाही. मिस्टरांनी दिलं, जरा मोठ्या आवाजात, आणि त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. आता बापूच्या टाचांचा व्यायाम रोज त्याच घेतात, माझ्यापेक्षा नेमाने. त्या वाक्याचा विषय पुन्हा निघाला नाही. वाहक बाईच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून माझाही इको झाला आणि तो मधून मधून करत राहायचा आहे.

धाकट्या बहिणीला सांगणं त्याहून अवघड. तिचं नुकतंच लग्न झालेलं, सासर शिरपूरकडे. तिच्या सासरी कळलं तर, असं आईचं. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी माहेरी आलो तेव्हा झोक्यावर बसून तिला सगळं सांगितलं, कारण ती गरोदर राहण्याआधी तिला माहीत असणं गरजेचं होतं. आधी कळलं असेल तर तपासणीला, विचाराला वेळ मिळतो. वाहक असेल तर गरोदरपणी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीरपणे करता येते. तिने रक्त दिलं. तिचा रिपोर्ट तिचा आहे, तो मी इथे लिहिणार नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण प्रत्येक मुलाचं वेगळं. आजार बरा करणारं औषध आज नाही. स्टिरॉइडने चालण्याची वर्षं वाढतात. ते साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी, ताकद उतरायला लागण्याआधी सुरू करतात. बापूच्या कांजिण्यांच्या लशी राहिल्या होत्या, त्या आधी पूर्ण केल्या, कारण जास्त डोसचं स्टिरॉइड चालू झाल्यावर जिवंत लस देत नाहीत. मग गोळ्या. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, एकदम तर मुळीच नाही. भूक वाढते, अंग सुजतं, म्हणून मिठावर लक्ष. खानदेशी घरात शेव, पापड, बिबडे पोराच्या नजरेआड ठेवणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. टाचेची नस आखडू नये म्हणून रोज ताण द्यायचा, रात्री पायाला स्प्लिंट. इको दरवर्षी. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी आजार सांगायचा, सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध द्यायचं नाही; हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय.

आणि जिने चढवणं बंद. निदानाआधी एकाने सांगितलं होतं, पाय कमजोर आहेत, रोज जिन्यावर चढ-उतार करवा. मिस्टर शेतातून आले की मोठ्या उत्साहाने ते करवायचे. या स्नायूंना दमवणारा व्यायाम चालत नाही, विशेषतः उतरण्याचा, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि आधीच नाजूक झालेलं आवरण फाटतं. पाण्यात खेळणं, साधं चालणं, दमला की थांबणं, हे बरं.

नातेवाईक स्टेम सेलच्या जाहिराती पाठवत असतात. रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर असे उपचार संशोधनाच्या चाचणीबाहेर देऊ नयेत, असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या सूचनांत आहे. मी तेवढंच उत्तर पाठवते. बापूच्या प्रकारासाठी ५१ वा तुकडा वगळून कपलिंग जुळवू पाहणारं इटेप्लिर्सन नावाचं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. त्याचा फायदा किती यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि किंमत आपल्या बोलण्यातली नाही. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ड्युशेन आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. तिथे नाव नोंदवून ठेवलं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्वतंत्र नावाने आहे, त्यामुळे यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्रही मिळालं. शाळेत पहिलीचा वर्ग तळमजल्यावर ठेवा, एवढी विनंती मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केली.

मदतनीस ताईंना मी जाऊन सगळं सांगितलं. त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, आता मी सगळ्यांनाच बघते. खिचडीची वेळ संपताना त्या खरंच सतरंजीच्या कडेला उभ्या राहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पुढच्या वेळी ते आलं तेव्हा ताईंनी एका मुलाला मुद्दाम खाली बसवून उठवून दाखवलं. उशिरा चाललेला, बोलणं कमी, उठताना आधार शोधणारा. पथकातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, सीपीके झालं. नॉर्मल आलं. त्याच्या आईला मी फोनवर म्हटलं, चांगलं झालं, पण इथे थांबू नका, चालायला उशीर का झाला ते राहिलंच की. आता त्याची थायरॉइडची तपासणी आणि कानाची चाचणी व्हायची आहे. जळगावला जायचं कसं ते तिला सांगायला उद्या ताईंकडे जाणार आहे.